‘बिनआवाजी’ वाहनाला एल्क फसत नाही

माननीय संपादक महोदय,

स. न. वि. वि.

गेल्या पंधरवड्यात आपल्या रविवारच्या पुरवणीत अमेरिकेतील शिकारी मंडळी जंगलात जाण्यासाठी वापरत असलेल्या विजेच्या वाहनांवर एक सचित्र लेख प्रसिद्ध झाला. विषय मराठी वाचकाला नवा आहे आणि लेखकाने तो रंजकपणे मांडला आहे, याचा आनंदच आहे. परंतु मोटरीचा आवाज नाही म्हणजे जनावराला चाहूल नाही, आणि पेट्रोल नाही म्हणजे कुठल्याही पायवाटेवर जायला मोकळीक आहे, अशी जी दोन विधाने त्या लेखात मोठ्या आत्मविश्वासाने केलेली आहेत, ती दोन्ही चुकीची आहेत. त्यांतले दुसरे तर वाचणाऱ्याला थेट दंडाच्या पावतीपर्यंत नेऊन पोचवणारे आहे. कोलोरॅडो राज्याच्या पश्चिम भागात मी बावीस वर्षे राहतो, त्यांपैकी चौदा हंगाम मी रीतसर परवाना काढून एल्क या मोठ्या हरणाच्या मागावर घालवले आहेत, आणि या काळात पेट्रोलची चारचाकी, विजेची सायकल, भाड्याचे खेचर आणि स्वतःचे पाय अशी चारही साधने वापरून पाहिली आहेत, म्हणून हे पत्र लिहिण्याचे धाडस करतो.

महाराष्ट्रातील वाचकांसाठी आधी थोडा खुलासा करणे आवश्यक आहे. आपल्याकडे १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि त्याला १९९१ साली झालेली दुरुस्ती यांनंतर हौसेची शिकार संपली, आणि ती संपली हे योग्यच झाले. इथे मात्र शिकार हा राज्याच्या वन्यजीव खात्याने मोजूनमापून आखून दिलेला व्यवहार आहे. कुठल्या विभागात, कुठल्या आठवड्यांत, कुठल्या हत्याराने, नर की मादी, हे सगळे परवान्यावर लिहिलेले असते. १ जानेवारी १९४९ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या प्रत्येकाला आधी प्रशिक्षणाचा दाखला घ्यावा लागतो. आणि मारलेल्या जनावराचे खाण्याजोगे मांस रानात टाकून केवळ शिंगे घेऊन येणे हा गुन्हा आहे. या शेवटच्या नियमाकडे वाचकांनी लक्ष ठेवावे, कारण वाहनाचा प्रश्न मुख्यतः त्यातूनच उपस्थित होतो.

एल्क म्हणजे आपल्या सांबराच्या कुळातला, परंतु त्याहून थोराड असा हरणवर्गातील प्राणी. पूर्ण वाढलेला नर सव्वातीनशे किलोंपर्यंत भरतो. अमेरिकेत त्यांची सर्वांत मोठी संख्या कोलोरॅडोत आहे. त्याचे कान मोठे आहेत हे खरे, पण त्याचा खरा भरवसा नाकावर आणि कळपातल्या वयस्क मादीवर असतो. ही म्हातारी मादी चरताना दर काही क्षणांनी मान वर करते, आणि तिने एकदा टक लावून पाहायला सुरुवात केली की मागच्या पंधरा-वीस जनावरांच्या माना तिच्या रोखाने वळतात. तिला संशय येण्याची कारणे कोणती, हे कळल्याशिवाय शांत वाहन कशाला म्हणायचे हे ठरवता येत नाही.

याबाबतीत मला पहिला धडा अमेरिकेत मिळालेला नाही. माझे आजोबा मालगुजारीच्या काळातले, तेव्हाच्या भंडारा जिल्ह्यातले. त्यांच्याकडे परवान्याची बंदूक होती आणि ते धानाच्या बांध्यांपलीकडच्या माळावर काळविटांच्या मागे जात ते रेंगीत बसून. रेंगी ही हलकी बैलगाडी. तिच्या आखाला वंगण कमी पडले की चाके अर्ध्या मैलावरून ऐकू येतील इतकी कुरकुरत. तरीही काळवीट तिच्याकडे ढुंकून पाहत नसे, कारण दिवसभर त्या माळावरून अशाच कुरकुरणाऱ्या गाड्या जात असत आणि त्यांतल्या एकीनेही कधी काळविटाचे काही बिघडवलेले नव्हते. आजोबा सांगत की गाडीवानाने गाडी कळपाच्या रोखाने कधी हाकायची नाही, बाजूने तिरकस न्यायची, आणि काही झाले तरी थांबवायची नाही. बंदूकवाल्याने चालत्या गाडीच्या पलीकडच्या अंगाने उतरून झुडपाआड बसायचे आणि गाडीने तशीच कुरकुरत पुढे निघून जायचे. गाडी थांबली की कळप उधळला. कोल्हापूर संस्थानात पाळीव चित्त्यांकडून काळविटांची शिकार होई, तेव्हाही चित्त्याला गाडीवर बसवूनच कळपाजवळ नेत असत, त्यामागेही काळविटाला असलेली गाडीची हीच सवय होती. पायी येणारा एकटा माणूस मात्र, त्याने पावलांचा कितीही आवाज होऊ दिला नाही तरी, चारशे हातांवरूनच पकडला जाई.

पुढे कितीतरी वर्षांनी, इथल्या एका गुरांच्या कुरणाच्या कडेला मी हाच प्रकार जसाच्या तसा पाहिला. कुरणाचा मालक त्याची जुनी डिझेल ट्रक खडखडत घेऊन रोज सकाळी चारा टाकायला जात असे आणि शंभर-दीडशे पावलांवर एल्कचा कळप निवांत चरत राही. एके दिवशी मालकाने कुंपण पाहण्यासाठी ट्रक थांबवून दार उघडले. दाराचा तो एवढासा आवाज, आणि क्षणार्धात सगळा कळप ओक झाडांच्या झुडपात दिसेनासा झाला. आपल्याकडे घाटातल्या वळणावर कठड्यावर बसलेले माकड एस.टी.च्या घरघरीने हलत नाही, पण कुणी गाडीतून उतरून दगड उचलला की टुणकन उडी मारते, तसेच हे आहे. ताडोबात ज्यांनी सफारी केली आहे त्यांना हे ठाऊक आहे की जिप्सीच्या आवाजाने वाघ विचलित होत नाही. चालक इंजिन बंद करतो ते वाघासाठी नसून वानराचा खेकसणारा आणि चितळाचा सावध करणारा आवाज आपल्याला ऐकू यावा म्हणून.

या निरीक्षणाला शास्त्राचा आधारही आहे. ओरेगन राज्यात ला ग्रँड या गावाजवळ ‘स्टार्की’ नावाचे एक प्रायोगिक वन आहे. सुमारे २५,००० एकरांचा तो प्रदेश उंच कुंपणाने वेढलेला असून आतल्या एल्क आणि म्यूल डिअर या हरणांच्या हालचालींची नोंद त्यांच्या गळ्यातील यंत्रांवरून घेतली जाते. तिथल्या संशोधकांनी पेट्रोलवर चालणारी चारचाकी एटीव्ही, पर्वतीय सायकल, घोडा आणि पायी चालणारा माणूस अशा चार प्रकारच्या येण्याजाण्याला एल्क कसा प्रतिसाद देतात याची तुलना केली. त्याचे पहिले निष्कर्ष २००४ च्या सुमारास आणि नंतरचे २०१८ साली प्रसिद्ध झाले. एटीव्हीपासून एल्क सर्वांत अधिक दूर राहिले, हे अपेक्षितच होते. दुसरा क्रमांक मात्र सायकलीचा लागला. सायकल म्हणजे मोटर नाही, धूर नाही, जवळजवळ आवाजच नाही. तरीही पायी माणसापेक्षा आणि घोड्यापेक्षा एल्क तिला अधिक बिचकले. माझ्या समजुतीप्रमाणे याचे कारण वेग आणि अचानकपणा हे आहे: सायकल वळणावरून एकदम समोर येते, दूरवरून आधी कळत नाही, आणि थोड्या वेळात पुष्कळ अंतर कापत असल्यामुळे एका सकाळीत ती कितीतरी अधिक जनावरांच्या वाटेत येते. लेखात ज्या गुणाची स्तुती केलेली आहे, तो गुण असा दोष ठरू शकतो.

आता आवाजाच्या प्रत्यक्ष मोजमापाकडे येतो, कारण विजेच्या वाहनाचा काहीच उपयोग नाही असे मला मुळीच म्हणायचे नाही. कोलोरॅडोच्या कायद्यानुसार १९९८ पासून बनवलेल्या अशा रानातल्या वाहनांच्या आवाजाची मर्यादा ९६ डेसिबल आहे आणि तो एक्झॉस्टपासून २० इंचांवर, म्हणजे साधारण अर्ध्या मीटरवर मोजतात. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाज सुमारे ६ डेसिबलने उतरतो. हिशेब केला तर एक मीटरवर ९०, दोन मीटरवर ८४, असे करत ५०० मीटरच्या आसपास तो ३६ डेसिबलांवर येतो. हा आकडा शहरात ऐकूही येणार नाही; परंतु वारा पडलेला असताना, पहाटेच्या गोठलेल्या जंगलात, तो स्पष्ट ऐकू येतो, आणि इंजिनाची खर्जातली घरघर झाडीत कमी शोषली जात असल्यामुळे दरीच्या दुसऱ्या बाजूलाही पोचते. विजेच्या वाहनाने ही घरघर जाते हा मोठा लाभ आहे. त्याहूनही मोठा लाभ म्हणजे पेट्रोलचा वास जातो. पहाटे टाकी भरताना हातमोज्याला लागलेला थेंब दिवसभर वास मारतो, आणि मी आधी म्हटल्याप्रमाणे एल्कचा कारभार नाकावर चालतो. तिसरा लाभ शिकाऱ्याच्या कानांना आहे: सप्टेंबरात माजावर आलेला नर जी लांबलचक शीळवजा हाक देतो, ती इंजिन चालू असताना ऐकूच येत नाही.

परंतु मोटर गप्प झाली की बाकीचे सगळे बोलू लागते, हे दुकानात कुणी सांगत नाही. माझी पहिली विजेची सायकल दुकानासमोरच्या डांबरावर खरोखरच मांजरासारखी चालत होती. रानात पहिल्याच पहाटे, दहिवर पडलेले असताना, उतारावर ब्रेक दाबले आणि ओल्या डिस्कने अशी किंचाळी फोडली की समोरच्या डोंगरावरच्या शिकाऱ्याने नंतर तळावर येऊन मला कोणते जनावर होते ते विचारले. पायडल मारणे थांबवल्यावर मागच्या चाकाच्या हबमधून, म्हणजे मधल्या तुंब्यातून, येणारी टिकटिक, पिशवीतल्या किल्ल्यांचा आवाज, सैल झालेल्या बॅटरीच्या पेटीची खटखट आणि सर्वांत मुख्य म्हणजे खडीवरून जाणाऱ्या टायरचा करकर आवाज, हे सगळे शंभर पावलांवरून सहज ऐकू येते. म्हणून वाहन घेताना मोटरीची जाहिरात बाजूला ठेवून ते खडीच्या रस्त्यावर नेऊन, दुसऱ्याला चालवायला लावून, स्वतः पन्नास पावलांवर डोळे मिटून उभे राहावे. चार इंच रुंदीच्या जाड टायरमध्ये हवा कमी ठेवली तर खडी दबते, उडत नाही आणि आवाज बराच कमी होतो. ब्रेकचे पॅड बदलून पाहावेत. ज्या वस्तू एकमेकींवर आपटतात त्यांच्यामध्ये जुन्या कापडाच्या पट्ट्या घालाव्यात. शेवटचा उपाय फुकट आहे आणि सर्वांत गुणकारीही.

मोटरीच्या प्रकारातही फरक आहे. चाकाच्या हबमध्ये दातेरी चक्रे असलेली मोटर स्वस्त असते, चढावर बारीक गुणगुणते आणि फार लांब चढावर तापते. बिनचक्राची हब मोटर जवळजवळ पूर्ण निःशब्द असते, पण जड असते आणि बॅटरी संपल्यावर ओढायला जीव काढते. पायडलच्या जागी बसवलेली मधली मोटर गिअरांचा उपयोग करून घेत असल्यामुळे डोंगरात सर्वांत कामाची, परंतु तिचा जोर सगळा साखळीवर येतो आणि साखळी रानात तुटली तर तिथे कोणी सायकलवाला बसलेला नसतो. मी आता मधली मोटर वापरतो आणि सुट्या साखळीचे दोन दुवे खिशात बाळगतो.

बॅटरीचा हिशेब प्रत्येकाने निघण्याआधी कागदावर करावा, कारण जाहिरातीतले अंतर सपाट रस्त्याचे, उन्हाळ्यातले आणि सडपातळ स्वाराचे असते. ४८ व्होल्ट आणि १५ अँपिअर-तासांची बॅटरी म्हणजे ७२० वॉट-तास. गाडी, स्वार, बंदूक, पाणी, गरम कपडे मिळून १५० किलो धरले आणि ६०० मीटर उंची चढायची असेल, तर ते वजन वर उचलण्यासाठीच २४५ वॉट-तास लागतात; मोटरीत वाया जाणारा भाग धरला की ते सव्वातीनशेच्या घरात जाते, आणि मऊ मातीत जाड टायर ओढण्याचा खर्च वेगळा. म्हणजे स्वाराने थोडाफार हातभार लावला तरी एकाच चढात बॅटरी निम्म्यावर येते. त्यातून ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या थंडीत लिथियमच्या बॅटरीची क्षमता आणखी घटते. पारा शून्याखाली असताना ती चार्ज केली तर तिची कायमची हानी होते, म्हणून आम्ही रात्री बॅटरी काढून झोपण्याच्या पिशवीत पायांशी घेऊन झोपतो. माझ्या पत्नीला हे अजूनही खरे वाटत नाही. दुसऱ्याच हंगामात तळापासून अकरा किलोमीटरांवर माझी बॅटरी संपली होती, आणि वाटेत आडव्या पडलेल्या झाडांवरून तेहतीस किलोंची सायकल उचलून पलीकडे ठेवण्याचे काम मी त्या रात्री किती वेळा केले हे मोजले नाही.

मात्र हे सगळे झाले वाहनाविषयी. त्याआधी कायदा पाहायला हवा होता, आणि त्याविषयी लेखात जे छापले गेले आहे ते सर्वांत घातक आहे. ‘ई-सायकल ही सायकलच असल्यामुळे तिला सर्व पायवाटा खुल्या आहेत’ अशा अर्थाचे वाक्य तिथे आहे. वस्तुस्थिती अशी की अमेरिकेतील सार्वजनिक वनभूमी वेगवेगळ्या खात्यांच्या ताब्यात असून प्रत्येकाचे नियम वेगळे आहेत. राष्ट्रीय वने सांभाळणारी यू.एस. फॉरेस्ट सर्व्हिस ही विजेच्या सायकलीला मोटार वाहन मानते. २००५ च्या नियमानुसार प्रत्येक राष्ट्रीय वनाने कुठल्या रस्त्यावर व कुठल्या वाटेवर कोणते मोटार वाहन कोणत्या महिन्यांत चालेल, याचा नकाशा प्रसिद्ध केलेला असतो. तो विनामूल्य मिळतो आणि कायद्याच्या दृष्टीने तोच प्रमाण असतो. वाटेवर मनाईची पाटी नव्हती हा बचाव चालत नाही. ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट या खात्याच्या जमिनींवर, २०१९ साली गृहखात्याने, जे इथे नैसर्गिक संपत्तीचे खाते आहे, काढलेल्या आदेशानंतर आणि त्यापुढच्या वर्षीच्या नियमांनंतर, स्थानिक अधिकाऱ्याने ठरवल्यास सायकलींच्या काही वाटा ई-सायकलींना खुल्या होऊ शकतात. पण त्याने तसे ठरवलेले असावे लागते, आपण गृहीत धरून चालत नाही. आणि १९६४ च्या कायद्याने ‘विल्डरनेस’ म्हणून राखलेल्या प्रदेशांत तर मोटरच काय, कुठलेही यांत्रिक वाहन नेता येत नाही. साधी पायडलची सायकलही नाही, आणि मांस वाहून आणायची दोन चाकांची हातगाडीसुद्धा नाही. तिथे पाय किंवा खूर, एवढेच.

यात आणखी एक मेख आहे. अमेरिकेतील बहुतेक राज्यांनी स्वीकारलेल्या व्याख्येनुसार ई-सायकलचे तीन वर्ग आहेत आणि तिन्हींत मोटर ७५० वॉटपर्यंतचीच असावी लागते. पहिल्या दोन वर्गांत ताशी २० मैलांनंतर, तिसऱ्यात २८ मैलांनंतर मोटरीची मदत बंद व्हावी लागते. शिकाऱ्यांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या कित्येक सायकलींची मोटर १,००० वॉटची किंवा त्याहून मोठी असते. ती घेतली की व्याख्येप्रमाणे आपली सायकल ही सायकल उरतच नाही, आणि जिथे अधिकाऱ्याने ई-सायकलींना वाट खुली केली आहे तिथेही आपण बेकायदा ठरतो. मला सायकल विकणाऱ्या दुकानदाराने हे सांगितले नव्हते. विचारले असते तर कदाचित सांगितले असते, पण तेव्हा काय विचारायचे हेच मला माहीत नव्हते.

राज्यांचे शिकारीचे नियम याहून वेगळे. वाहनावरून गोळी झाडण्यास बहुतेक राज्यांत मनाई आहे. कोलोरॅडोत मोठ्या जनावरांच्या हंगामात रानातल्या मोटार वाहनावर बंदूक न्यायची असेल तर ती नळीतून आणि काडतुसांच्या खणातून पूर्ण रिकामी करून खोळीत बंद ठेवावी लागते. आयडाहोत काही विभागांमध्ये शिकारीचे साधन म्हणून मोटार वाहन मोठ्या गाड्यांना खुल्या असलेल्या रस्त्यांपलीकडे वापरताच येत नाही. नियमांमागचा हेतू सरळ आहे: वाहन शिकाऱ्याला जंगलाच्या दारापर्यंत पोचवण्यासाठी असावे, जनावराला गाठण्यासाठी नसावे.

मग वाहन निवडायचे कशासाठी, असा प्रश्न वाचक विचारतील. माझे उत्तर असे आहे की जाण्यासाठी फारसे नाही, येण्यासाठी. पडलेल्या एल्कचे तुकडे करून, हाडे काढून, शंभर किलोंच्या आसपास मांस उरते. ते पाठीवर आणायचे तर एका माणसाला तीन-चार खेपा, आणि प्रत्येक खेप म्हणजे जाणे-येणे; सप्टेंबरातील दुपारी ऊन तापलेले असताना मांस बिघडायला वेळ लागत नाही, आणि बिघडलेले मांस टाकणे हे कायद्यानेही मान्य नाही. अशा वेळी, वाट खुली असेल तिथे, सायकलमागे जोडलेली छोटी गाडी खेपा बऱ्याच कमी करते. दोघे-तिघे मिळून जात असतील, बरोबर वयस्क माणूस असेल, तर विजेवर चालणारी, शेजारी-शेजारी बसायची ‘साइड-बाय-साइड’ चारचाकी गाडी योग्य. पोलारिस कंपनीने २०२१ च्या अखेरीस जाहीर केलेल्या रेंजर एक्सपी कायनेटिक या गाडीत ११० अश्वशक्तीची मोटर असून मोठ्या बॅटरीवर ती ८० मैलांपर्यंत जाते असे कंपनी सांगते. चढावर आणि थंडीत यातले किती पदरात पडेल हे वरच्या हिशेबावरून ताडावे. आणि विल्डरनेसच्या आत जायचे असेल तर खेचरासारखे वाहन नाही. ते चाऱ्यावर चालते (तो चारा मात्र तणाच्या बियांपासून मुक्त असल्याचा दाखला असलेला लागतो), अंधारात वाट चुकत नाही आणि त्याच्या चालण्याचा आवाज एल्कला दुसऱ्या एल्कच्या चालण्यासारखा वाटतो. फक्त ते पहाटे आपल्या सोयीने ओरडेलच असे नाही.

माझी स्वतःची पद्धत आता ठरून गेली आहे. नकाशावर खुल्या असलेल्या वाटेने, उजाडायच्या दीड तास आधी, सायकलने जायचे. जिथे जनावर असण्याचा संभव आहे तिथून किमान दीड किलोमीटर अलीकडे सायकल झाडाआड ठेवून बॅटरी काढायची. आणि पुढे पायी. पहाटे डोंगरातली थंड हवा उताराने खाली वाहते आणि ऊन चढले की तीच उलटी वर वाहू लागते, हे ध्यानात घेऊन पहाटे खालून वर आणि दिवस वर आल्यावर बाजूने किंवा वरून जायचे. या शेवटच्या दीड किलोमीटरात वाहन कोणते होते याला काहीही महत्त्व नसते. ज्या दोन हंगामांत मी आळसाने सायकल थेट कुरणाच्या कडेपर्यंत नेली, त्या दोन्ही हंगामांत मला एल्कचे फक्त ताजे माग आणि गरम लेंड्या पाहायला मिळाल्या.

सगळेच जण या बिनआवाजी गाड्यांवरून खोल रानात जाऊ लागले तर काय होईल, हा प्रश्न इथल्या जुन्या शिकाऱ्यांना सतावतो आणि मला तो रास्त वाटतो. पूर्वी रस्त्यापासून पाच-सहा किलोमीटर आत जाणे हे कष्टाचे होते, म्हणून तिथे जनावराला विसावा होता. सार्वजनिक वनात माणसांची वर्दळ वाढली की एल्क तिथून उठून खासगी कुरणांत जाऊन बसतात, जिथे शिकाऱ्याला प्रवेश नाही. तिथे ते कुंपणे मोडतात, गुरांचे गवत खातात, आणि मग शेतकरी, शिकारी व वन्यजीव खाते हे तिघेही एकमेकांवर चिडतात. वाहन निःशब्द असल्याने ही साखळी तुटत नाही. उलट वाहन चालवणाऱ्याला आपण कुणाला त्रास दिला नाही असे वाटत राहते, एवढाच फरक.

लेखाच्या शेवटी, अशी वाहने महाराष्ट्रातील जंगलप्रेमी तरुणांनीही आणावीत, अशी सूचना आहे. तिथे माझी लेखकांना नम्र विनंती आहे की त्यांनी आधी वनरक्षकांचा विचार करावा. केक या स्वीडिश कंपनीने दक्षिण आफ्रिकेतील सदर्न आफ्रिकन वाइल्डलाइफ कॉलेजच्या सहकार्याने चोरट्या शिकारीच्या बंदोबस्तासाठी विजेची मोटारसायकल तयार केली, ती अशासाठी की पेट्रोलच्या मोटारसायकलचा आवाज दुरून ऐकून चोरटे पसार होत असत. चोरट्या शिकाऱ्याला फसवण्यासाठी शांतता उपयोगी पडते, कारण तो माणूस आहे आणि कानांवर अवलंबून आहे. मात्र हेच वाहन वनरक्षकाआधी चोरट्याच्या हाती पडले तर काय, हे मेळघाटात किंवा पेंचमध्ये रात्रीची गस्त घालणाऱ्या कुणालाही विचारून पाहावे.

एक विनंती करून थांबतो. ई-सायकलींना सर्व पायवाटा खुल्या असल्याच्या विधानाची दुरुस्ती आपण शक्य तितक्या लवकर, निदान इथला धनुष्यबाणाचा हंगाम सप्टेंबरच्या आरंभी सुरू होण्यापूर्वी, ठळकपणे छापावी. माझ्या परिचयातील दोन मराठी कुटुंबांतल्या मुलांनी तो लेख आईवडिलांकडून व्हॉट्सअॅपवर आल्यावर वाचून १,००० वॉटच्या सायकली मागवल्या आहेत, आणि त्यांपैकी एकाला यंदा ज्या भागात जायचे आहे त्याचा बराचसा हिस्सा विल्डरनेसमध्ये येतो. त्याला मी खेचरवाल्याचा फोन नंबर दिला आहे, पण त्याचा विश्वास अजून छापील अक्षरावर अधिक आहे.

आपला नम्र,
एक वाचक,
ग्रँड जंक्शन, कोलोरॅडो